डाव्या पायांची देवी

वन्संनी पाय पिशवीत घातला, वर शाल दाबून बसवली आणि शालीवर संत्री रचली.

"कुणी विचारलं तर संत्री आहेत म्हणायचं," त्या मला म्हणाल्या.

"आणि बोटं बाहेर आली तर?"

"तर म्हणायचं, यंदा पीकच असं आलंय."

पाय त्यांचाच होता. म्हणजे खरा नव्हे. खरा उजवा पाय गेल्या वर्षी, एक साधी जखम चिघळत गेली तेव्हा, गुडघ्याखालून काढावा लागला. पिशवीतला पाय त्यांच्या धाकट्या भावानं केलेला, आणि हा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा. लोकांचे गेलेले हातपाय करून देणं हाच त्याचा धंदा. घरामागच्या लांबट खोलीत त्याचा कारखाना आहे. भिंतीला पायांचे साचे टांगलेले, जमिनीवर प्लास्टरची पांढरी धूळ, मधोमध धरून चालायचे दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकाला उंच आरसा. पट्टे आणि अस्तरं मी शिवते. आरशाच्या वर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी आहे: 'कौतुक घरी करा, इथे तक्रार करा.'

नवा पाय घालून माणूस दांड्यांमधून चालायला लागला की हा जमिनीला डोळे लावून बसतो आणि विचारतो, "कुठं बोचतं?" समोरचा म्हणाला की छान आहे, कुठंच बोचत नाही, तर याचा विश्वास बसत नाही. "छान असेल ते मला दिसतं हो. बोचतं ते तुम्हालाच कळतं. बोला." चिमटे काढून काढून तो माणसाच्या तोंडून तक्रार काढून घेतो.

एकाच माणसाच्या बाबतीत त्यानं तसं केलं नाही. ताई म्हणाली, "छान झालाय रे ढब्बू," आणि हा पठ्ठ्या तोंडभर हसला. विषय तिथेच मिटला.

ढब्बू म्हणजे माझा नवरा. डोक्यावर केस उरले नाहीत, नाकावर जाड भिंगं आली, तरी ताईसाठी तो ढब्बूच. त्यांची आई दिवसभर कामावर असायची. घरात ही दहाबारा वर्षांची पोर आणि तिच्या कडेवर हा. चालायला शिकला तरी खाली उतरायचं नाव घेईना. शेजारपाजारचे म्हणायचे, अगं, टाक त्याला खाली, तुझ्याएवढा झालाय. ही टाकायची नाही. उलट त्याला घेऊन दारात उभी राहायची आणि स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणायची. अजूनही कामात हात गुंतले की ते गाणं त्यांच्या ओठांवर येतं:

भाऊ घेतला कडेला, भाऊ भोपळ्याच्या परी,
एक बाजू माझी खाली, एक बाजू गेली वरी.

मी लग्न होऊन आले तेव्हा चेष्टेनं त्यांना 'वन्सं' म्हणायला लागले, जुन्या बायका म्हणतात तसं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

तो पाय करायला माझ्या नवऱ्यानं जीव ओतला होता. डाव्या पायाकडे तासन्‌तास बघून त्यानं उजव्याचा रंग जुळवला. घोट्यावरची निळी शीर काढली. वन्संची करंगळी शेजारच्या बोटाखाली शिरलेली असायची, तीही त्यानं तशीच शिरवली. मापं घेताना कंबरेला पाणसळ लावली आणि काचेतला बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत पायाची उंची वाढवत नेली. "बघ," तो मला म्हणाला होता, "केसाचा फरक नाही."

वन्संनी तो पाय आठवडाभर घातला. मग उकाडा होता म्हणून काढला. मग सूज होती. मग नुसताच कपाटात राहिला.

"ताई तिच्या घरी घालते ना गं पाय?" नवरा मला अधूनमधून विचारायचा. कारखान्यात मान वर न करता, जणू सहजच.

"घालते की," मी म्हणायचे. काय करणार? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी सुईत दोरा ओवत बसलेली.

अशात वन्संनी एका जुन्या मासिकात त्या जागेचं चित्र पाहिलं. समुद्राच्या काठावर एका फार जुन्या देवीच्या ठाण्याचे अवशेष. खाली लिहिलं होतं, पाय दुखणारी माणसं दूरदूरवरून तिथे यायची आणि बरी झाली की मातीचं पाऊल वाहून जायची. "मला इथे जायचंय," त्या म्हणाल्या. वर्षभरात त्यांनी काही मागितलं ते हेच. नवरा तर हरखूनच गेला. "जाऊ की! चढ आहे, उतार आहे, खाली वाळू आहे. पायाला सगळी जमीन एकदम मिळेल."

त्या दोघांच्या मनातली वाट एकच होती, पण तोंडं दोन दिशांना. हे मला निघण्याच्या आदल्या दिवशी कळलं होतं. वन्संनी मला शपथ घालून सांगितलं होतं: पाय मी तिथेच ठेवून येणार.

बसमध्ये आम्ही दोघी मागे बसलो. पुढच्या बाकावर नवरा दोन्ही कुबड्या पोटाशी धरून पेंगत होता.

"वन्सं, अजून विचार करा. ते लोक बरे झाल्यावर ठेवायचे. आभार म्हणून."

"मी आधी ठेवते. बरं नंतर वाटेल."

"आणि त्याला काय सांगणार?"

"लाटेनं नेला म्हणून सांगेन."

"लाटेनं पाय नेला आणि तुम्हाला ठेवलं?"

"मी जड आहे."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्या खिडकीबाहेर बघत हळू आवाजात बोलायला लागल्या. "अगं वहिनी, तो घातला की प्रत्येक पावलाला पायरी चढल्यासारखं होतं. सपाट घरात डोंगर. खोलीतून दारापर्यंत जाऊन आले की पाठीतून कळ निघते ती मानेपर्यंत."

"मग हे त्याला सांगायचं ना! तो रोज लोकांना हेच विचारतो."

"लोकांचं सोड." त्यांनी पुढच्या बाकावरच्या टकलाकडे पाहिलं. बसच्या हेलकाव्यानं ते डुलत होतं. "ती करंगळी बघितलीस तू? माझी करंगळी कधी कुणी बघितली होती का गं? माझ्या नवऱ्याला, देव त्याचं भलं करो, मला पाय आहेत एवढंच माहीत होतं. यानं बघून ठेवली होती. त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की बाबा, तुझ्या पायानं मला चालता येत नाही? त्याच्या पायांवर माणसं नाचतात, सायकली चालवतात. खोट माझ्यातच असणार. मी कुबड्यांवर काढीन उरलेले दिवस, काही अडत नाही. पण कपाट उघडलं की तो पाय माझ्याकडे बघतो. ते सोसत नाही."

वळण आलं आणि डोंगराआडून समुद्र एकदम समोर उभा राहिला, कुणी दार उघडावं तसा.

फाटकाशी एक बैठी खोली होती. तिथली राखणदारीण दारात खुर्ची टाकून लोकरीचा मोजा विणत होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमच्याखेरीज त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं.

नवऱ्यानं पिशवीकडे पाहिलं. "घालतेस का आता?"

"वर गेल्यावर घालते," वन्सं म्हणाल्या.

"बरं. मी तोवर खाली जाऊन वाळू बघतो. ओली आणि घट्ट असेल तर तिथे चालून बघू." आणि तो लहान मुलासारखा टुणटुण उड्या मारत उतरून गेला. वन्संनी त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि कुबड्या खोलीकडे वळवल्या.

खोलीत एक काचेचं कपाट होतं. आत मातीची पावलं मांडलेली. काही तळहाताएवढी, काही खऱ्याएवढी, भाजून लालसर झालेली. कुणाची टाच उडालेली, कुणाची बोटं झिजलेली. वन्सं कुबड्यांवर रेलून बघत राहिल्या. बराच वेळ बघितल्यावर म्हणाल्या, "वहिनी, हे सगळे डावेच आहेत गं."

खरंच होतं. अंगठे सगळे एकाच बाजूला.

"डावेच आहेत," राखणदारीण मोजा विणता विणता म्हणाली. "इथल्या कुंभाराकडे म्हणे साचाच डाव्याचा होता."

"आणि उजवा पाय दुखत असला तर?"

"तरी डावाच वाहायचा. देवीला काय कळत नाही होय?"

वन्सं हसायला लागल्या. आधी नुसत्या खांद्यांनी, मग आवाज करून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाय गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "म्हणजे एवढ्या लांब यायचं, रांगेत उभं राहायचं, आणि कुंभार म्हणणार, उजवा नाही बुवा, डावा घेऊन जा!"

हसू ओसरलं तशी त्यांनी पिशवी माझ्या खांद्यावर नीट केली. "चल. तिला आज एक उजवा मिळू दे."

चढ फार नव्हता, पण दगड ओबडधोबड होते. मी एका हातानं त्यांना धरलं. पाठोपाठ राखणदारीण आली, तिचं ते कामच होतं. वर एक चौथरा, भोवती तुटके खांब, काही मांडीइतके, काही गुडघ्याइतके. खांबांच्या पलीकडे नुसतं पाणी. आणि चौथऱ्यावर देवी.

डोकं नव्हतं. हातही नव्हते. छातीपासून खाली तेवढी उरली होती, खाऱ्या वाऱ्यानं झिजून मऊ झालेली. एक कंबर उचललेली, सगळं अंग एका बाजूला कललेलं, दार अडवून गप्पा मारणाऱ्या बाईसारखी उभी. उचललेल्या कंबरेवर दगड खडबडीत तुटला होता. आणि तिथून खाली, वस्त्राच्या चुण्यांना चिकटून, एक इवलंसं पाऊल उरलं होतं. फक्त पाऊल.

"कडेवर मूल होतं तिच्या," राखणदारीण म्हणाली. "मूल गेलं, पाऊल राहिलं."

वन्संनी मला खूण केली. मी संत्री काढली, शाल काढली, पाय काढून त्यांच्या हातात दिला. एका खांबाला टेकून त्या वाकल्या आणि तो पाय देवीच्या समोर उभा करून ठेवला. उन्हात तो अगदी खरा दिसत होता.

"अहो बाई, हे काय?" राखणदारीण पुढे आली. "इथे काही ठेवायला मनाई आहे."

"देवीला दिलाय."

"देवीला घेता येत नाही आता. हात कुठायत तिला? लोक पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात, त्या मला उचलाव्या लागतात. हा पाय उचलून मी कुठे ठेवू?"

"त्या कपाटात ठेवा. सगळ्या डाव्यांत एक उजवा."

"ताई."

माझा नवरा चढाच्या तोंडाशी उभा होता. विजारीच्या टोकांना ओली वाळू. धापा टाकत होता, पण चेहऱ्यावर अजून खालचा आनंद होता. "ताई, वाळू एकदम घट्ट आहे. घालायलाच काढलास ना तो?"

आताही 'हो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाही रे. ठेवायला काढला."

नवऱ्यानं पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला हे आधीपासून ठाऊक होतं, ते त्याला तिथल्या तिथे कळलं. तो एका दगडावर बसला, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला.

"टोचतो का, विचारलं होतं मी तुला."

"टोचत नाहीच रे. टोचला असता तर सांगितलं असतं. तो चांगलाच आहे. मलाच चालता येत नाही त्याच्यावर."

"म्हणजे काय होतं?"

"पायरी चढल्यासारखं होतं. दर पावलाला."

"असं होणारच नाही." त्याचा आवाज चढला. "पाणसळ लावली होती मी. बुडबुडा मध्ये होता. दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत."

"तेच म्हणतेय मी. तुझं काही चुकलं नाही."

"मग चुकलं कुणाचं?"

"माझं, बाबा. झालं समाधान?"

मी संत्री उचलून पुन्हा पिशवीत भरू लागले, हातांना काहीतरी हवं म्हणून. नवऱ्याला ताईकडे बघवत नव्हतं आणि त्या पायाकडेही बघवत नव्हतं. म्हणून तो देवीकडे बघत बसला. आता धंद्याची सवय कुठे जाते? रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या तोंडाआधी तो त्याची कंबर बघतो. बघता बघता त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. उठला. देवीच्या डाव्या अंगाला गेला, मागे गेला, खाली वाकला.

"हात लावायचा नाही," राखणदारीण म्हणाली.

"नाही लावत." तो हवेतच बोटं धरून माप घेत होता. "हिची डावी बाजू वर आहे. चांगली बोटभर. तरी किती भक्कम उभी आहे बघ. एवढे वारे खाल्ले, पडली नाही. हिला कुणी सरळ करायला गेलं असतं तर कधीच कोसळली असती." तो स्वतःशीच बोलत होता. "पण मूल तर नाहीये आता. मग कंबर अशी का?"

"अरे, मूल खाली उतरलं म्हणून कंबर सरळ होते होय, ढब्बू?" वन्सं वैतागून म्हणाल्या. "एवढं शिकलास आणि..."

तो वळला.

मी त्याला कितीतरी वर्षं बघत आले आहे, पण ताईकडे असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. खांबाला रेलून, कुबडी काखेत धरून त्या उभ्या होत्या. आणि त्यांची डावी कंबर वर उचललेली होती. नेहमीसारखी. भांडी घासताना, दारात बोलताना, फाटकाशी वाट बघताना असायची तशी. आम्हा सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली, की ती कुणाला दिसतच नव्हती.

"एक बाजू माझी खाली," तो पुटपुटला, "एक बाजू गेली..."

त्यानं पाय उचलला आणि ताईच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला. "घाल."

"अरे, आता कशाला..."

"घाल म्हणतो ना."

मी अस्तर चढवलं, पट्टा आवळला. वन्सं उभ्या राहिल्या, कारखान्यात शिकवल्याप्रमाणे ताठ, हनुवटी वर.

"तशी नको. नीट उभी राहू नकोस," नवरा म्हणाला. "मला घेऊन दारात उभी राहायचीस ना, तशी राहा."

"तुला आता कसा घेऊ? मोडून पडेन."

"मी आहेच असं समज."

वन्संनी डोळे मिटले. डावा हात नकळत कोपरात वाकला, कुणाला तरी सावरल्यासारखा, आणि कंबर हळूहळू वर जाऊ लागली. पण पुरती जाईना. नव्या पायाची उंची तिला जाऊ देत नव्हती. आता ते मलाही दिसत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं.

नवऱ्यानं आपला बूट काढला. आतला जाड नमदा, तळव्याखालची ती लोकरीची गादी, ओढून बाहेर काढला, घडी घातली, आणि वन्संच्या डाव्या चपलेचा पट्टा सोडवून तो त्यांच्या खऱ्या पायाखाली सरकवला. पुन्हा पट्टा लावला. "हा पाय कमी करायचं काम घरी. करवत इथे नाही. तोवर तो पाय वर घेऊ, म्हणजे हिशेब तोच. चल बघू."

"पडले तर?"

"मी आहे खाली."

त्यांनी एक कुबडी माझ्याकडे दिली. डावं पाऊल पडलं. मग उजवं. पुन्हा डावं. त्या थांबल्या.

"काय झालं?" नवऱ्यानं खालून विचारलं.

"पायरी गेली," वन्सं म्हणाल्या. आणखी थोडं चालल्या, समुद्राकडे, मग वळून परत आल्या. कंबर डुलत होती, डावीकडे वर, उजवीकडे खाली. कारखान्यात आरशासमोर ताठ चालताना त्या कुणी पाहुणी बाई वाटायच्या, तसं यात काही नव्हतं. या आमच्या वन्सं चालत येत होत्या.

नवरा जमिनीवरच बसून होता. "मी तुला सरळ करायला निघालो होतो गं ताई," तो म्हणाला. "आणि वाकडी झालीस ती माझ्यामुळेच."

"तुझ्यामुळे कसली? भोपळ्यामुळे." त्यांनी त्याच्या टकलावर हात ठेवला, आधारासाठी की कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. "ऊठ. विजार भिजलीय तुझी. आणि मला तक्रार करायचीय."

त्यानं मान वर केली. "कर की."

"वरचा पट्टा आवळतो. टाच खाली टेकते तेव्हा टक्‌ असा आवाज येतो. गुडघ्यामागे घामानं चिकटतं. आणि वजनाला हा अस्सा दगड आहे."

"हे सगळं आधीपासून होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

नवऱ्याच्या तोंडावर हसू पसरत गेलं. तक्रार ऐकून इतका खूष झालेला माणूस राखणदारणीनं पाहिला नसावा. ती मोजा विसरून बघत होती.

निघताना वन्संनी एक संत्रं देवीच्या पुढ्यात ठेवलं.

"मनाई आहे म्हटलं ना," राखणदारीण म्हणाली. मग तिनंच ते उचललं आणि सोलायला घेतलं. "पण फळ वाया घालवू नये."

उतारावर मी मागे होते, खांद्यावर हलकी झालेली पिशवी. पुढे भाऊ-बहीण. एका बुटातला नमदा गेल्यानं तोही आता एका बाजूला लचकत होता. वन्सं एका कुबडीवर, दुसऱ्या हातानं त्याचा दंड धरून. मधेच त्या गुणगुणायला लागल्या, तेच गाणं, पण पुढचं कडवं. ते मी आजवर ऐकलं नव्हतं:

लोक म्हणती वाकडी, वाकडीच बाई राहू,
सरळ मी झाले तर कुठे बसेल गं भाऊ?

नवऱ्यानं नाक ओढलं. वारा खारट होता, असं नंतर मला म्हणाला.

"आणि ऐक रे ढब्बू," वन्सं थांबून म्हणाल्या.

"आणखी आहे?"

"करंगळीचं नख."

"त्याचं काय? हुबेहूब आहे ते!"

"हॅट्‌. माझं इतकं वाईट नाही."

"आहे ताई."

"काढ चप्पल वहिनी, दाखव त्याला."

आणि तिथेच, उताराच्या मध्यावर, एका दगडावर बसून दोघं डाव्या पायाच्या करंगळीवरून भांडायला लागले.